अंगठ्याची पारख

मंगळवार, ४ तारीख

आणि वर मलाच म्हणतो, बाई, रागावू नका. रागावू नको तर काय टाळ्या वाजवू? भरल्या दुकानात यायचं, माझ्या हातची पिशवी काउंटरवर उपडी करायची, त्यातले मूठभर ठोकळे बोटाने बाजूला सारायचे, सगळ्यांना ऐकू जाईल असं 'नकली' म्हणायचं, आणि मग माझी समजूत घालायची. हा माणूस मोठ्या दुकानांच्या काचेत मांडायला ठोकळ्यांचे मनोरे बांधून देतो, म्हणून आम्ही त्याला मनोरेवाला म्हणतो. त्याचा मनोरा म्हणे कमरेतून कलला. कलला तर कलला. आडवा बांधायचा आणि पूल म्हणून विकायचा.

मी त्याला म्हटलं, गाठ बघितलीस का? माझ्या पिशवीची गाठ माझीच असते. दोन वेढे आणि टोक आत ओढलेलं. या दुकानात ती दुसऱ्या कुणाला येत नाही. तर म्हणाला, गाठ तुमचीच होती, म्हणूनच वाईट वाटलं.

भाऊ गल्ल्यावर बसून स्वतःची नखं बघत होता. माझा धाकटा भाऊ, दुकान त्याचं. जुनी खेळणी घ्यायची, धुवायची, निवडायची, विकायची. आमचं नाव झालं ते ठोकळ्यांमुळे. एकमेकांत बसणारे ते प्लास्टिकचे ठोकळे, पोरं त्यांची घरं, गाड्या, विमानं करतात. असली कंपनीचे महाग, आणि त्यांच्यासारखे दिसणारे नकली बाजारात ढिगाने. नकली ठोकळा एक तर बसतच नाही, नाहीतर असा बसतो की दाताने ओढून काढावा लागतो. पोरं मोठी झाली की लोक खोकी भरून आणून देतात, आत सगळी सरमिसळ. ती सरमिसळ मी निवडते. भावाने पाटीवर रंगवून घेतलंय, 'प्रत्येक ठोकळा हाताने पारखलेला.' तो हात माझा.

आणि तोच भाऊ गप्प. बोलली कोण, तर मॅडम. मॅडम म्हणजे आमची भावजय. कॉलेज शिकलेली, बोलते अशी की समोरच्याला वाटावं आपण परीक्षेला बसलोय. ती आतून धावत आली आणि म्हणाली, माझी चूक झाली, मी बदलून देते. तुझी चूक कशी झाली? तू तर आठवडाभर माहेरी होतीस, वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. कालच आलीस. कुणी न विचारता चूक कबूल करणारं माणूस मला कधी सरळ वाटलेलं नाही.

ही वही ठोकळ्यांच्याच एका खोक्यात निघाली, कोरी करकरीत. मी चौथीपर्यंत गेले. राग लिहायला चौथी पुरते.

बुधवार, ५ तारीख

दिवसभर निवडलं. चीड आली की माझा हात जास्त चालतो.

ठोकळ्याच्या डोक्यावर गोल बटणं असतात, त्यांच्यावर दुसरा ठोकळा बसतो. असलीच्या प्रत्येक बटणावर कंपनीचं नाव उमटवलेलं असतं, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. ती मला वाचता येत नाहीत आणि वाचायची गरजही नाही. अंगठा फिरवायचा. खरखर लागली, असली. गुळगुळीत लागलं, नकली. मी ठोकळ्याकडे बघतसुद्धा नाही. डोळे रस्त्यावर, अंगठा कामावर. समोरचा चाव्या बनवणारा म्हणतो, तुम्ही झोपेत पण निवडाल. निवडेन.

मॅडमला मी लग्नानंतर लगेच शिकवायला बसवलं होतं. अंगठ्याने जमेना तिला. तिने काय केलं, तर भिंग आणलं आणि टेबलावरचा दिवा ओढून घेतला. एकेक ठोकळा डोळ्याशी धरून बघते, जणू त्यात कुणी राहतंय. ती एक वाटी निवडेपर्यंत माझी बादली होते. मग मीच तिला उठवलं आणि हिशेबाला बसवलं.

हल्ली माल चांगला येतो, हे मात्र खरं. पूर्वी एका खोक्यात अर्धे नकली निघायचे. आता मूठभर निघाले तरी खूप. लोक सुधारले असतील. किंवा माझा अंगठा इतका तयार झालाय की हातात ठोकळा नसतानाही खरखर जाणवते, बसल्या बसल्या.

आजच्या मालात एक पिवळा ठोकळा होता, कुणा पोराने त्याच्यावर पेनाने दोन डोळे काढलेले. एक मोठा, एक बारका. ब्लीचच्या पाण्यात घासघासून घासला, डोळे जाईनात. तसाच टाकला असलीत.

दुपारी पांढऱ्या ठोकळ्यांवर लाल डाग दिसले. कोणाचं रक्त म्हणून बघते तर माझंच. टेप कापायच्या पात्याने बोट चिरलं होतं. ते पातं काउंटरवर उघडं कोण टाकतं, हे सांगायला नको.

शुक्रवार, ७ तारीख

आज आणखी एक. चष्मेवाली बाई, हात धरून आणलेली पोरगी. पोरीने क्रेन बांधली होती, ती उचलली की मधून सुटते. पोरगी रडत नव्हती, माझ्याकडे टक लावून बघत होती. ते जास्त डोक्यात गेलं. पिशवी गेल्या आठवड्यातली. मनोरेवाल्याचीही गेल्या आठवड्यातली. म्हणजे मॅडम नव्हती तेव्हाची.

मी विचार केला. वरवर बघितलं तर असं वाटेल की ती नव्हती म्हणजे तिचा संबंध नाही. पण मी काही वरवर बघणाऱ्यांतली नाही. जायच्या आधी सगळं भरून ठेवलं असणार, म्हणजे आपण नसताना बोंब होईल आणि नाव माझं जाईल. शिकलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं.

तिला काय हवंय ते मला कळतं. टेबल हवंय. खिडकीजवळचं, उजेडाचं. नवरा गेल्यावर मी या घरात आले ती नुसती जेवायला नाही आले. भाऊ म्हणाला होता, ताई, तू ये, मला निवडणारं माणूस हवंय. म्हणून आले. त्या टेबलावर बसते म्हणून दोन घास मान वर करून खाते. ते टेबल गेलं की मी कोण? माळ्यावरच्या खोलीतली भावाची बहीण. पाहुण्यांना सांगताना आवाज खाली घ्यावा लागतो अशी.

संध्याकाळी भाऊ चहा घेऊन आला. स्वतः करून. तेव्हाच मला संशय आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, ताई, निवडताना चष्मा लावत जा ना. मी विचारलं, हे तुझं डोकं की तिचं? तो कपाकडे बघत राहिला. म्हणजे तिचंच.

रविवार, ९ तारीख

दुकान बंद, त्यामुळे दिवसभर एकमेकांची तोंडं बघणं आलं.

सकाळी दूध वर आलं म्हणून मी पातेलं उतरवून ओट्यावर ठेवलं. एवढंच केलं. मॅडम अशी किंचाळली की शेजारची खिडकी उघडली. म्हणे फडकं न घेता का धरलंत. मग माझा हात ओढून नळाखाली धरला. बोटांवर फोड आले होते, ते मला तेव्हा दिसले.

मलम लावताना विचारते, ताई, तुम्हाला खरंच दुखत नाहीये? मी म्हटलं, तुझ्यासारखे लोण्याचे हात नाहीत माझे, कामाचे आहेत. त्यावर भावाकडे बघितलं तिने. भावाने तिच्याकडे बघितलं. या दोघांचं डोळ्यांनी बोलणं मला मुळीच खपत नाही. काय ते तोंडाने बोला.

मग म्हणाली, "डोळे मिटा, आणि मी कुठल्या बोटाला काय टेकवतेय ते सांगा." हातात कंगवा घेतलेला. मी हात काढून घेतला. बैल विकत घेताना दात बघतात तसं चाललं होतं. तर म्हणे आपण डॉक्टरकडे जाऊन येऊ, नुसतं दाखवायला. मला दाखवायचं आणि कागदावर लिहून आणायचं की बाई आता कामाची राहिली नाही. एवढं न कळायला मी कालची पोर नाही.

ब्लाउजची हुकं लावायला वेळ लागतो हल्ली. शिंपिणीने या वेळी बारकी लावलीयत. तिलाही बोलायचंय.

मंगळवार, ११ तारीख

सापडली.

दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही जेवायला आणि पडायला वर जातो. मी अर्ध्या जिन्यातून परत आले, कारण शाल खाली राहिली होती. आतल्या दाराच्या फटीतून दिसलं. मॅडम माझ्या टेबलावर बसलेली, पाठमोरी. माझ्या खुर्चीवर. दिवा लावलेला. सकाळी मी बांधून ठेवलेल्या पिशव्यांतली एक तिने सोडली होती आणि ताटलीत ओतली होती. हात ताटलीतून मांडीवर, मांडीवरून ताटलीत. काय टाकत होती ते पाठीमुळे दिसलं नाही. पण मला बघायची गरज नव्हती, तसंही मी न बघताच ओळखते.

मग तिने पिशवी भरली आणि बांधली. दोन वेढे आणि टोक आत. माझी गाठ. मी कधी शिकवली नव्हती. चोरून शिकली होती, आणि इतकी हुबेहूब की मलाही फरक कळला नसता.

त्याच वेळी आत जाऊन वेणी धरणार होते. पण भाऊ म्हणेल, ताई, तुला भास झाला. म्हणून जीभ चावून वर गेले. दुपारभर पडून राहिले. शाल खालीच.

गुरुवार, १३ तारीख

तिचं पत्र्याचं खोकं मिळालं. काउंटरच्या खाली, टेपच्या रिळांच्या मागे, वर फडकं टाकलेलं. बिस्किटांचं मोठं खोकं आणि गच्च भरलेलं. मी वरवरचे चार उचलून चाव्यावाल्याकडे नेले आणि म्हटलं, तुझ्या पोराकडे असली आहेत ना, शेजारी ठेवून बघ. त्याने उजेडात धरून बघितलं आणि सांगितलं, हे चारही नकली. माझ्या अंगठ्याला ते खरखरीत लागले होते, पण तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. रागात कुणाची पारख बरोबर येईल?

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी खोकं भावाच्या पुढ्यात आपटलं. म्हटलं, हे बघ, तुझ्या बायकोचा साठा. यातून माझ्या पिशव्यांत भरते, माझी गाठ मारते आणि माझं नाव घालवते. परवा माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आता बोल.

भावाने झाकण उघडून बघितलं. मग तिला म्हणाला, "हे काय आहे?"

ती माझ्याकडे बघत होती. त्याच्याकडे नाहीच. माझ्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे. चोरी सापडल्यावर माणूस खाली बघतं. ही वर बघत होती.

"मीच ठेवलेत," ती म्हणाली.

"अगं, पण हे तर तू—"

"म्हटलं ना, मीच ठेवलेत. ताई बरोबर सांगतायत. मी पिशव्या सोडत होते."

संपलं. एवढ्यावर संपलं. मी तासभर भांडायच्या तयारीने कंबर कसून आले होते आणि मला दोन वाक्यंही मिळाली नाहीत. भावाने सांगितलं, यापुढे पिशव्यांना ताईशिवाय कुणी हात लावायचा नाही. ती बरं म्हणाली आणि हिशेबाला बसली. तिची पेन्सिल हलत नव्हती.

खोकं मी माझ्या खोलीत आणून ठेवलंय. पुरावा आहे, टाकणार नाही.

शनिवार, १५ तारीख

टेबल माझं, खिडकी माझी, उजेड माझा. बांधलेल्या पिशव्या आता कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात. मनोरेवाल्याला भावाने हातापाया पडून परत आणलं, नवी मागणी घेतली. मी कालपासून त्याचाच माल निवडत होते. आज सगळा संपवला. नकली जवळजवळ निघालेच नाहीत. संध्याकाळी तो येऊन घेऊन गेला. मी त्याला म्हटलं, आता कलला तर तुझा हात वाकडा.

मॅडमने तिचं भिंग माझ्या टेबलावर ठेवलं होतं. अगदी मधोमध. मी खणात टाकून दिलं.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ही बाई घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे की मागे यावर अर्धा तास वाद घालते. मिठाच्या डब्याला झाकण कुणी लावलं नाही यावर घालते. मग परवा का नाही घातला? चोर ठरवलं मी तिला, तिच्या नवऱ्यासमोर. एक शब्द नाही. आज भाजी वाढताना माझ्या ताटाखाली जाड फडकं ठेवलं तिने, ताट गरम होतं म्हणून. मी ते काढून बाजूला फेकलं, तरी बोलली नाही. गप्प बसून छळायची ही नवी तऱ्हा असेल.

सोमवार, १७ तारीख

मनोरेवाला आला होता. या वेळी ओरडला नाही. पिशव्या काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाला, मी दुसरं दुकान बघतो.

मी त्याला वाटेल ते बोलले. तूच घरचे नकली टाकून आणतोस इथपर्यंत बोलले. तो ऐकून घेऊन गेला. जाताना भावाच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी वारल्यावर ठेवतात तसा.

त्या पिशव्या मी निवडल्या, मी बांधल्या, माझ्या कुलुपात होत्या. किल्ली अंघोळीलासुद्धा काढली नव्हती.

भावाने जाऊन शटर अर्धं ओढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, आता कुणाला धरायचं?"

मॅडम आत होती. बाहेर आली नाही. मला वाटलं होतं येईल आणि म्हणेल, माझी चूक झाली.

मंगळवार, १८ तारीख

दुकानात गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून निरोप पाठवला.

ते पत्र्याचं खोकं मोरीत नेऊन ओतलं. म्हटलं, बघू तरी हिने कुठून कुठून आणले. खालच्या थरात एक पिवळा होता, दोन डोळ्यांचा. एक मोठा, एक बारका. माझ्याकडे बघत होता.

हा मी घासला होता. मोरीत नाही, दुकानात, माझ्या बादलीत, गेल्याच्या गेल्या बुधवारी. आणि मी तो असलीत टाकला होता. माझ्या हाताने पिशवीत घालून बांधला होता. म्हणजे हा तिच्याकडून माझ्या पिशवीत गेलेला नाही. माझ्या पिशवीतून तिच्याकडे आलेला आहे.

मी त्याच्यावर अंगठा फिरवला. खरखर.

मग दुसरा घेतला. खरखर. डोळे मिटून ओंजळभर बघितले, एकामागून एक. सगळे असली.

चष्मा लावून खिडकीत आले. खोलीतल्या फळीवर एक असली असतो, भावाने पहिल्या दिवशी मला दिलेला, लाल. तो आणि पिवळा शेजारी धरले. लालच्या बटणांवर अक्षरं आहेत. पिवळ्याची बटणं टकली, आरशासारखी.

मग मी खिडकीच्या काचेवर अंगठा फिरवला. खरखर. कपाच्या कडेवर फिरवला. खरखर. चष्मा काढून त्याच्या काचेवर फिरवला. तोही असली कंपनीचा.

पदराची टाचणी घेऊन अंगठ्यात खुपसली. लिहायचं नाही म्हणत होते पण लिहिते. टाचणी आत गेलेली दिसली. तेवढंच. दिसली.

जेवायला हाक मारली तिने खालून. मी ओ दिली नाही. थोड्या वेळाने दाराबाहेर ताट ठेवल्याचा आवाज आला. पावलं लगेच गेली नाहीत.

बुधवार, १९ तारीख

हे पान मी फाडून तुझ्या हिशेबाच्या वहीवर ठेवणार आहे. मॅडम म्हणते मी तुला पाठीमागे. आता कळलंच आहे तर कळू दे.

आभार मानणार नाही. ती अपेक्षा ठेवू नकोस.

तू दुपारी उपाशी बसून माझ्या पिशव्या सोडत होतीस. मी टाकलेले नकली वेचत होतीस आणि पुन्हा माझी गाठ मारत होतीस. माहेरी गेलीस तेवढे दिवस वेचायला कुणी नव्हतं, आणि तेच बाहेर गेले. आलीस आणि लगेच चूक अंगावर घेतलीस. मग मी तुला चोर म्हटलं, ते पण घेतलंस. तुला काय वाटलं, मोठं काम केलंस? मला दुकानात बाहुलीसारखं बसवून ठेवलंस. मी खिडकीत बसून ऐटीत अंगठा फिरवत होते, आणि खरं काम माझ्या पाठीमागे तू करत होतीस. रस्त्यावरचे लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे ना, त्या प्रत्येक वेळेचा मला आता संताप येतोय.

तोंडावर सांगायचं होतंस. मी चिडले असते. ताटली फेकली असती. आठ दिवस बोलले नसते. मग? माझ्या चिडण्याला तू कधी घाबरलीस? मिठाच्या झाकणावरून भांडतेस आणि यावर गप्प बसलीस. दया आली की माणूस भांडायचं सोडतं. मला तुझी दया नको आहे. मला तुझं भांडण हवं आहे, मीठवालं.

डॉक्टरकडे मी जाणार आहे. उद्याच, एकटी. माझा हात धरून न्यायला मी आंधळी नाही, उलट डोळे तेवढे शाबूत आहेत. खणातलं तुझं भिंग काल संध्याकाळी मी काढून बघितलं, तुम्ही कुणी खाली नव्हता तेव्हा. त्यातून अक्षरं दिसतात. वाटीभर निवडायला मला तुझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. हे कुणाला सांगायचं नाही.

आता माझे प्रश्न. हे कधीपासून चालू आहे, ते मला महिन्यानिशी सांगायचं. भावाला सुरुवातीपासून माहीत होतं की नंतर कळलं, ते सांगायचं, आणि त्याला वाचवायला खोटं बोलायचं नाही, तुला खोटं नीट जमत नाही. पाटीवर जे रंगवलंय ते ठेवायचं की पुसायचं, ते तू ठरवायचं, कारण तो हात बरेच दिवस तुझा आहे. आणि टेबल. खिडकीजवळ दुसरी खुर्ची मावते, मी आज टेप लावून मोजलंय. ती खुर्ची ठेवायची, की मी माझी उचलून वर न्यायची, हे मला स्पष्ट ऐकायचंय. मनोरेवाल्याकडे मी स्वतः जाईन. त्याला काय बोलायचं ते तुझ्या उत्तरावर ठरेल.

शनिवारपर्यंत वेळ देते. शनिवारी शटर ओढायच्या आत उत्तर पाहिजे. तोंडाने, माझ्या समोर उभं राहून. पाठीमागे गाठी सोडून नाही.